कोणाला होतो आणि किती छळतो

"हे तुमच्याकडून आलं की आमच्याकडून?" मुलाच्या सुजलेल्या गुडघ्याला डॉक्टरांनी 'आर्थ्रायटिस' हे नाव दिलं, की घरात हा प्रश्न निघाल्याशिवाय राहत नाही. आजीच्या बोटांना गाठी आहेत, मामाची पाठ सकाळी धरते, आत्याला सोरायसिस आहे; शोधायला बसलं की प्रत्येक घराण्यात काहीतरी सापडतं. आणि शेवटी ठपका बहुधा आईच्या माहेरावर येतो. आजार मुलाला आणि अपराधीपणा आईला, ही वाटणी मला फार अन्यायाची वाटते. विज्ञानाचा तिला काडीचाही आधार नाही. म्हणून या प्रकरणात जनुकांचा हिशेब नीट मांडायचा आहे, आणि तो मांडताना दोन प्रश्न वेगळे ठेवायचे आहेत. हा आजार कोणाला होतो, हा पहिला. झाल्यावर तो किती छळतो, हा दुसरा. आई-वडील विचारतात पहिला, पण त्यांची झोप उडालेली असते दुसऱ्यामुळे. पहिल्या प्रश्नाबद्दल जनुकं बरंच काही सांगतात, दुसऱ्याबद्दल खूपच कमी. मात्र जे थोडं सांगतात, ते काही मुलांच्या बाबतीत जिवाच्या मोलाचं आहे.

आधी आजाराची ओळख. 16 वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान 6 आठवडे टिकलेला, आणि जंतुसंसर्ग, मार, रक्ताचा कर्करोग असं दुसरं कारण न सापडणारा सांध्यांचा दाह म्हणजे जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. डॉक्टर त्याला 'जेआयए' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत साधारण हजार मुलांमागे एकाला तो होतो. लहान मूल 'दुखतंय' असं म्हणेलच असं नाही. अडीच वर्षांची मुलगी सकाळी उठल्यावर पलंगावरून उतरत नाही, कडेवर घ्यायला हात वर करते, चाललीच तर एक पाय ताठ ठेवून चालते, आणि दहा-अकरा वाजता अंगणात पळताना दिसते. ते पाहून घरच्यांना वाटतं, मघाशी नाटक करत होती. वाढीच्या कळा याच्या उलट असतात: मूल रात्री पाय चेपून घेतं आणि सकाळी टुणटुणीत असतं. सकाळी आखडलेला आणि हालचालीने सुटत जाणारा सांधा दिसला, की दाहाची शंका घ्यायलाच हवी.

आपल्याकडे अशा मुलाची पहिली रक्ततपासणी बहुधा 'आरए फॅक्टर' आणि 'एएसओ' यांची होते. जेआयए असलेल्या शंभर मुलांपैकी आरए फॅक्टर जेमतेम पाचेक मुलांत सापडतो. तो निगेटिव्ह आला म्हणजे संधिवात नाही, असं ठरवणं ही एक चूक. एएसओ वाढलेला दिसला म्हणून, ऱ्हुमॅटिक तापाची बाकीची लक्षणं नसतानाही, दर 21 दिवसांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करणं ही दुसरी. एएसओ एवढंच सांगतो की घशात केव्हातरी स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. या दोन चुकांत महिने निघून जातात आणि तोवर सांध्याचं कूर्चेचं अस्तर झिजत राहतं.

1897 साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या बालरुग्णालयातले तरुण डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी 22 मुलांच्या सांधेविकाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांतल्या काही मुलांना तापही होता, मानेतल्या आणि काखेतल्या गाठी सुजल्या होत्या, प्लीहा वाढली होती. हा मोठ्या माणसांच्या संधिवाताहून निराळा आजार आहे, आणि मुलांतला सांधेविकार म्हणजे एकच एक रोग नव्हे, हे स्टिल यांनी जनुक या कल्पनेचा मागमूस नसताना ओळखलं होतं. आज जेआयएचे सात प्रकार मानतात. चारपर्यंतच सांधे धरणारा, मुख्यतः लहान मुलींत दिसणारा; पाच किंवा अधिक सांधे धरणारा, त्यात आरए फॅक्टर असलेला आणि नसलेला असे दोन; सोरायसिससोबतचा; स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतात तिथे सूज आणणारा, मुख्यतः मोठ्या मुलग्यांतला; तापाने सुरू होणारा सर्वांगी प्रकार; आणि कशातच न बसणाऱ्यांचा सातवा गट. ही विभागणी डॉक्टरांनी सांधे मोजून आणि लक्षणं पाहून केली. जनुकांनी तिच्यातल्या काही भिंती पक्क्या केल्या, काही पाडल्या. त्याकडे येऊच.

वारशाचा भाग किती, हे पाहायला जुळी भावंडं हा जुना मार्ग आहे. एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे अगदी सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांपैकी एकाला जेआयए झाला, तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण 25 ते 40 टक्के आढळलं आहे. हजारात एक या सर्वसाधारण प्रमाणाशी तुलना केली, तर जनुकांचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजूही बघायला हवी. सगळी जनुकं तीच, घर तेच, ताटातलं अन्न तेच, आणि तरीही निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरं भावंड ठणठणीत राहतं. अमेरिकेतल्या युटा राज्यात कुटुंबांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या नोंदवून ठेवलेल्या आहेत. त्या नोंदींवरून काढलेल्या हिशेबात रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना इतरांपेक्षा सुमारे 12 पट धोका दिसला, चुलत, मामे, मावस, आते भावंडांना सुमारे 6 पट. 'बारा पट' ऐकून आई-वडिलांच्या छातीत धस्स होतं. पण हजारात एकाची बारा पट म्हणजे हजारात बारा. धाकट्या भावंडाला हा आजार होणार नाही, ही शक्यता शंभरात जवळजवळ नव्व्याण्णव आहे. हा हिशेब प्रत्येक निदानाच्या दिवशी आई-वडिलांना कागदावर मांडून दाखवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता जनुकांकडे. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर जनुकांची एक दाट वस्ती आहे, एचएलए नावाची. अवयवदान करताना दाता आणि रुग्ण जुळवायला जे पाहतात, तेच हे. या जनुकांपासून बनलेली प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर उभी असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर एक खोबण असते. पेशी आतल्या-बाहेरच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून या खोबणीत ठेवते आणि गस्त घालणाऱ्या टी-पेशींना दाखवते. तुकडा परका वाटला, की टी-पेशी चवताळते. खोबणीचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे कोणता तुकडा तिच्यात घट्ट बसेल हेही वेगळं ठरतं. एखाद्या आकाराच्या खोबणीत शरीराचाच एखादा तुकडा असा बसतो, की टी-पेशी त्याला परका समजते. त्या मुलाच्या सांध्याच्या अस्तरावर हल्ला सुरू होण्याची शक्यता इथे वाढते.

2017 मध्ये एक मोठं काम प्रसिद्ध झालं: जेआयए असलेली 5,043 मुलं आणि 14,390 निरोगी माणसं यांच्या एचएलए जनुकांची अगदी अमिनो आम्लापर्यंत जाऊन केलेली तुलना. डीआरबी1 नावाच्या साखळीत तेरावं अमिनो आम्ल खोबणीच्या तळाशी येतं. त्या एका जागेवर ग्लायसिन असेल, तर थोडे सांधे धरणाऱ्या प्रकाराकडे आणि आरए फॅक्टर नसलेल्या बहुसांधी प्रकाराकडे कल वाढतो. त्याच जागी हिस्टिडिन असेल, तर आरए फॅक्टर असलेल्या प्रकाराकडे. आणि हिस्टिडिनची हीच खूण मोठ्या माणसांच्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्येही आहे. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या ज्या मुलीचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आहे, तिला जनुकांच्या दृष्टीने आजीचाच आजार लवकर झाला आहे. आणि थोडे सांधे, बरेच सांधे अशी जी भिंत डॉक्टरांनी सांधे मोजून उभारली होती, तिच्या दोन्ही बाजूंना, आरए फॅक्टर नसेल तर, जनुकं जवळपास तीच.

याच जनुकांचं वयाशी असलेलं नातं मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवलं, की एचएलएची प्रत्येक खूण ठरावीक वयातच जोर धरते. काही खुणा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच धोका वाढवतात, पुढे त्यांचा प्रभाव ओसरतो. बी-27 आणि डीआर-4 या दोन खुणा तर बाळपणी या आजारापासून राखण करतात आणि मूल मोठं झालं की धोका वाढवतात. जनुक जन्मापासून तेच असतं, पण प्रतिकारयंत्रणा वयाबरोबर बदलते आणि जनुकाचा अर्थही त्याबरोबर बदलतो.

एचएलएच्या बाहेरची जनुकं थोडक्यात सांगतो. 2013 मध्ये 2,816 मुलांच्या अभ्यासातून धोका वाढवणाऱ्या 14 नव्या जागा सापडल्या, आधीच्या धरून 17. यांतली बरीच ठिकाणं टाइप-1 मधुमेह, थायरॉइडचे स्वप्रतिकारक विकार, सीलिअॅक यांच्याशी सामायिक आहेत. म्हणून घराण्यात थायरॉइड किंवा टाइप-1 मधुमेह असणं डॉक्टर विचारतात. या प्रत्येक जागेचा एकट्याचा परिणाम क्षुल्लक असतो. त्यांतलं पीटीपीएन-22 जनुकातलं जे रूप युरोपीय वंशाच्या लोकांत धोका वाढवतं, ते भारतीयांत मुळातच विरळ आहे. तिथल्या मुलांवरून बेतलेली जनुकीय चाचणी इथल्या मुलांना जशीच्या तशी लावता येणार नाही, याचं हे एक ढळढळीत उदाहरण.

आता छळाकडे. 'आजार किती तीव्र' या प्रश्नाला एकच फूटपट्टी नाही. गुडघा एकच सुजलेला, पण डोळा गेलेला. सांधे चारच, पण त्यांत दोन्ही खुबे. सांधा एकही वाकडा नाही, पण मूल अतिदक्षता विभागात. प्रत्येक नुकसानीमागची जनुकं निराळी आहेत, आणि बऱ्याचदा ती आजार आणणाऱ्या जनुकांपेक्षाही निराळी.

मोठ्या मुलग्यांपासून सुरुवात करतो, कारण भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत या गटाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे. दहा-बारा वर्षांचा मुलगा. क्रिकेट खेळून आला की टाच दुखते. आधी बूट बदलले जातात, मग खेळ बंद होतो, मग क्ष-किरण चित्र काढतात, ते स्वच्छ येतं. पोटरीचा जाड स्नायुबंध टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो, त्या जागी अंगठ्याने दाबलं की तो पाय ओढून घेतो. पुढे एक घोटा सुजतो, कधी खुबा धरतो, आणि काही वर्षांनी कंबर. यांतल्या बहुतेक मुलांत एचएलए-बी27 सापडतं. 1973 मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे बी-27 चं मोठ्यांच्या, पाठ आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी असलेलं नातं दाखवलं, ते वैद्यकातलं जनुक आणि आजार यांचं एक सर्वांत घट्ट नातं ठरलं. सकाळी पाठ धरणारा तो मामा इथे खरोखरच महत्त्वाचा आहे.

बी-27 तीव्रतेबद्दल काही सांगतं का? डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतल्या जेआयएच्या मुलांचा आठ वर्षं पाठपुरावा झाला. बी-27 असलेल्यांचा आजार अधिक चिवट निघाला, औषधं थांबवून शांत राहिलेल्यांत ती मुलं कमी होती. नॉर्वेतल्या एका अभ्यासात स्नायुबंधांच्या या प्रकारच्या मुलांमध्ये आजार न विझण्याची चिन्हं शोधली, तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या: आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असणं, पहिल्या सहा महिन्यांतच घोटा धरणं, आणि एचएलए-डीआरबी1*08 ही खूण. म्हणजे आजार आणण्यात बी-27 पुढे, पण तो विझू न देण्यात दुसरंच जनुक हातभार लावतं. या यादीतल्या दोन गोष्टींना रक्ततपासणीसुद्धा लागत नाही. कुटुंबाचा इतिहास नीट विचारला आणि घोटे नीट तपासले, की त्या कळतात.

बी-27 चा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून धाय मोकलून रडणारी कुटुंबं असतात. युरोपात शंभरातल्या सुमारे आठ निरोगी माणसांत बी-27 असतं, आणि ते असणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना आयुष्यभर त्यामुळे काहीही होत नाही. सांधा सुजलेल्या मुलात ही तपासणी उपयोगी आहे. त्याच्या धडधाकट बहिणीत ती करायचं काही कारण नाही, आणि कोणी सुचवली तर 'रिपोर्ट काही आला तरी तुम्ही काय वेगळं करणार?' असं शांतपणे विचारावं.

डोळ्याची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त फसवी. थोडे सांधे धरणाऱ्या प्रकारातल्या लहान मुलींत, विशेषतः एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल तर, डोळ्याच्या आत दाह होतो, युव्हिआयटिस. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. मूल तक्रार करत नाही, आणि बाहुलीच्या कडा आतल्या भिंगाला चिकटत जातात. स्लिट लॅम्पखाली नेत्रतज्ज्ञाला उजेडाच्या पट्ट्यात तरंगणाऱ्या पेशी दिसतात, आईला मात्र काहीच दिसत नाही. सांध्याला सर्वांत सौम्य समजला जाणारा प्रकार डोळ्याला सर्वांत घातक ठरतो तो असा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युव्हिआयटिस झालेली आणि न झालेली जेआयएची मुलं पडताळून पाहिली. डीआरबी1 साखळीतली अकराव्या जागेवर सेरिन असलेली एक छोटी ठेवण युव्हिआयटिसशी जोडलेली निघाली, आणि हे नातं मुलींत ठळक होतं. भारतीय मुलांत युव्हिआयटिसचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा कमी आढळतं. पण धोक्याच्या गटातल्या मुलीला दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली बसवणं यातून सुटत नाही, कारण कोणत्याही जनुकीय रिपोर्टपेक्षा ती दहा मिनिटांची तपासणी जास्त भरवशाची आहे.

आणि आता सर्वांगी प्रकार, स्टिल यांच्या नावाने ओळखला जाणारा. रोज ठरल्या वेळी, बहुधा संध्याकाळी, ताप चढतो आणि स्वतःच उतरतो. तापाबरोबर फिकट गुलाबी पुरळ उठतं आणि तापाबरोबरच जातं. आपल्या सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नाही, म्हणून ताप चढलेला असताना मुलाचा सदरा काढून चांगल्या उजेडात बघावं लागतं. टायफॉइड, मलेरिया, क्षय यांचे उपचार होऊन गेलेले असतात आणि सांधे कधीकधी आठवड्यांनी सुजतात. इथे मूळ बिघाड टी-पेशींपेक्षाही प्रतिकारयंत्रणेच्या अधिक प्राचीन, धसमुसळ्या फळीत आहे, आणि आग पेटती ठेवणारी मुख्य द्रव्यं इंटरल्यूकिन-1 आणि इंटरल्यूकिन-6 ही आहेत. 2005 मध्ये डॅलसच्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-1 ला रोखणारं अॅनाकिन्रा हे औषध इतर उपचारांना न जुमानणाऱ्या 9 मुलांना दिलं. 7 मुलांचा आजार पूर्ण शमला. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या डॉक्टरांनी मग हेच औषध स्टेरॉइडच्या आधी, अगदी सुरुवातीला देऊन पाहिलं. 42 मुलांपैकी 76 टक्के मुलं वर्षाअखेरीस आजारमुक्त होती.

हे औषध म्हणजे शरीर स्वतःच बनवत असलेल्या एका प्रथिनाची नक्कल आहे. इंटरल्यूकिन-1 ला आवर घालणारं हे प्रथिन आयएल1आरएन या जनुकापासून बनतं, कोणात जास्त, कोणात कमी. 2018 मध्ये असं आढळलं, की ज्या मुलांत ते जनुकतःच मुबलक बनतं, त्यांना अॅनाकिन्राचा गुण फारसा येत नाही. तर्काला धरूनच आहे: जो आवर मुबलक असूनही आजार झाला, तो बाहेरून आणखी देऊन किती उपयोग होणार? अभ्यास लहान आहे, यावरून उद्या कोणाचं औषध ठरवता येणार नाही. पण तीव्रतेच्या जनुकशास्त्राचा खरा उपयोग या दिशेने आहे असं मला वाटतं. भविष्य वर्तवण्यापेक्षा कोणत्या मुलाला कोणतं औषध आधी द्यावं, हे कळणं आई-वडिलांच्या जास्त कामाचं. याच धर्तीचं जुनं उदाहरण एमआयएफ या जनुकाचं. इटलीतल्या अभ्यासात सर्वांगी प्रकारच्या ज्या मुलांत या जनुकाच्या आरंभस्थळापाशी 'जी' ऐवजी 'सी' हे अक्षर होतं, त्यांच्या रक्तात आणि सांध्याच्या पाण्यात एमआयएफ जास्त सापडलं, स्टेरॉइड जास्त काळ द्यावं लागलं, आणि सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडचा असर लवकर ओसरला. एमआयएफ हे स्टेरॉइडच्या कामाला विरोध करणारं द्रव्य आहे, त्यामुळे साखळी पूर्ण जुळते.

याच प्रकारात ती भयंकर गुंतागुंत होते, जिच्यात मूल दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं: मॅक्रोफेज अॅक्टिव्हेशन सिंड्रोम. रुग्णांपैकी दहाएक टक्क्यांत ती उघडपणे होते. तिचं एक लक्षण फार फसवं आहे. ताप तसाच असतो, मूल मलूल होत जातं, आणि आठवडाभर शंभराच्या वर असलेला ईएसआर, म्हणजे रक्ततपासणीतला दाहाचा आकडा, एकदम खाली येतो. घरच्यांना वाटतं, उतार पडला. वास्तविक ईएसआर खाली येतो तो रक्तातलं फायब्रिनोजेन खर्ची पडल्यामुळे. सोबत प्लेटलेट घसरतात, फेरिटिन हजारांत जातं. 2016 मध्ये ठरलेल्या निकषांत फेरिटिन 684 च्या वर असणं ही अट आहे, आणि जोडीला प्लेटलेट, यकृताचं एएसटी, ट्रायग्लिसराइड, फायब्रिनोजेन यांपैकी दोन गोष्टी बिघडलेल्या असाव्या लागतात.

असं काही मुलांतच का होतं? आपल्या मारक पेशी रोगट पेशीला चिकटतात, पर्फोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडतात, ती मेली की सुटून पुढे जातात. पर्फोरिन कमकुवत असेल, किंवा ते पेशीच्या काठापर्यंत पोचवणारी यंत्रणा ढिली असेल, तर समोरची पेशी मरत नाही आणि मारक पेशी तिला चिकटलेलीच राहते. जितका वेळ चिकटलेली, तितका वेळ ती दाह भडकवणारी द्रव्यं ओतत राहते. त्यांनी चेकाळलेल्या भक्षक पेशी अस्थिमज्जेतल्या रक्तपेशीच गिळू लागतात. या जनुकांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर बाळ पहिल्या काही महिन्यांतच याच विकाराने गंभीर होतं. सर्वांगी जेआयएमध्ये ही गुंतागुंत झालेल्या मुलांची जनुकं वाचली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांत यांतल्या एखाद्या जनुकाची एक प्रत दुबळी सापडली. एरवी अशा एका दुबळ्या प्रतीने काहीच बिघडत नाही. सर्वांगी आजाराची आग आणि ही दुबळी प्रत एकत्र आली, की बिघडतं. आजार आणणारं जनुक एक आणि तो जीवघेणा करणारं दुसरंच, याचा याहून स्पष्ट दाखला या विषयात नाही.

आतापर्यंतची सगळी जनुकं कल वाढवणारी होती. पण बालपणीच्या सांधेविकारांत एका जनुकाने होणारेही आहेत, आणि ते महाराष्ट्राशी जवळचे आहेत. 2015 मध्ये सौदी अरेबियातल्या, नात्यात लग्नं झालेल्या पाच कुटुंबांतली 13 मुलं एकत्र अभ्यासली गेली. आजार सर्वांगी जेआयएसारखाच. सगळ्यांत एलएसीसी1 या जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बदल. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. आई-वडील दोघांकडे एकाच पणजोबांकडून आलेली तीच सदोष प्रत असण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते.

त्याहून जास्त भेटणारा विकार संधिवाताचं सोंग घेणारा आहे: प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिस्प्लेझिया. यात सूज नसते, हाडाची टोकंच रुंद होत जातात. साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात मूल चालायला कंटाळतं, बोटांचे पेर जाड दिसू लागतात, पुढे खुबे आखडतात. जेआयए समजून अशा मुलांना वर्षानुवर्षं स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट दिलं गेल्याची उदाहरणं आहेत, आणि त्याचा शून्य उपयोग होतो. पेर हाताने चाचपले तर ते कठीण, हाडाळ लागतात. दाहाच्या सांध्याचा मऊ, भरलेला स्पर्श तिथे नसतो. ईएसआर नॉर्मल असतो. मणक्याचं क्ष-किरण चित्र काढलं तर मणके चपटे झालेले दिसतात. याचं डब्ल्यूआयएसपी3 हे जनुक 1999 मध्ये सापडलं, आणि 2012 मध्ये भारतीय कुटुंबांतल्या त्याच्या बिघाडांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. इथे धाकट्या भावंडाचा हिशेब पार बदलतो: दर गरोदरपणात चारात एक. जेआयएच्या शंभरात एकापुढे हा आकडा ठेवला, म्हणजे नेमकं निदान किती गरजेचं आहे ते कळतं. जनुकीय तपासणीवर खर्च करायचाच असेल, तर तो इथे करावा.

मग नेहमीच्या जेआयएत तीव्रता ठरवतं कोण? मोठा वाटा वेळेचा आहे. मेथोट्रेक्सेटचा उपयोग 1992 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्या संयुक्त चाचणीत सिद्ध झाला, एटॅनरसेप्टचा 2000 मध्ये. त्याआधीच्या पिढीत तीच जनुकं घेऊन जन्मलेली मुलं खुबा गमावून बसत, आज तशी मुलं फुटबॉल खेळतात. जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. बदलला तो निदान आणि योग्य औषध यांच्यातला काळ.

औषध केव्हा थांबवायचं, हा आई-वडिलांचा शेवटचा आणि सर्वांत अधीर प्रश्न असतो. तिथे जनुकांचा काही उपयोग होत नाही, कारण आग धगधगत असताना आणि विझल्यावर जनुकं तीच असतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार शांत झालेल्या 364 मुलांचे दोन गट केले. एका गटाचं मेथोट्रेक्सेट सहा महिन्यांनी थांबवलं, दुसऱ्याचं बारा महिन्यांनी. दोन्ही गटांत निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचा आजार दोन वर्षांत उलटला. सहा महिने जास्त औषध देऊन फरक पडला नाही. फरक दिसला तो भक्षक पेशींतून पाझरणाऱ्या एमआरपी8/14 या प्रथिनात: ज्यांचा आजार पुढे उलटला, त्यांच्या रक्तात ते औषध थांबवतानाच जास्त होतं, बाहेरून सांधे अगदी स्वच्छ दिसत असले तरी. म्हणून औषध बंद झाल्यावरची पहिली दोन वर्षं तपासणीची एकही तारीख चुकवू नये, आणि युव्हिआयटिस होऊन गेलेल्या मुलीने स्लिट लॅम्पची तर मुळीच नाही, कारण तिचा डोळा सांध्याच्या आधी उलटू शकतो.